वाफशाचे दोन दिवस

अमळनेरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. नैराश्याच्या आजारावर मी केटामाइनचे उपचार घेतले. जळगावच्या एका दवाखान्यात, मानसोपचारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघांच्या नजरेखाली. त्या वेळी मला मराठीत वाचायला फारसं काही मिळालं नव्हतं, म्हणून जे झालं ते सांगते आहे. मन घडवणारी, मोडणारी, बदलणारी औषधं हा हल्ली गप्पांचा विषय झाला आहे. माझ्यासाठी तो तेवढाच नाही.

आजाराबद्दल थोडक्यात. सांगण्यासारखं कारण काहीच नव्हतं आणि तेच सगळ्यांना पटत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "काय कमी शे तुले? नोकरी शे, घर शे, पोरं गुणी शेतस." त्यात राग नव्हता, जीव तुटत होता त्यांचा. मला उत्तर देता येत नव्हतं. पहाटे जाग यायची आणि उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. भूक गेली होती. वर्गात शिकवायची, पण आपलेच शब्द लांबून ऐकू यायचे. आणि डोक्यात दिवसभर एकच वाक्य: मी कुणाच्याच उपयोगाची नाही. ते इतक्या वेळा यायचं की तो एक विचार आहे हेच जाणवेनासं झालं. ते मला ठरलेलं, न बदलणारं सत्य वाटायचं.

आमच्या गावात मनाचा विचार करण्याची परंपरा मोठी आहे. प्रताप शेठांनी १९१६ साली इथं तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ बंगालमधून येऊन इथं संचालक राहिला. त्याच गावात मी गोळ्यांची पाकिटं पर्सच्या तळाशी रुमालात गुंडाळून ठेवत होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

आधी एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी झाली, पूर्ण मात्रेत. मग व्हेनलाफॅक्सिन. दोन्ही पुरेसा काळ घेतली. दोन वेगवेगळ्या औषधांनी उतार पडला नाही की डॉक्टर त्याला उपचारांना दाद न देणारं नैराश्य म्हणतात. हे ऐकल्यावर मला वाटलं, आता आपलं झालंच. डॉक्टरांनी समजावलं की अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या 'स्टार-डी' नावाच्या मोठ्या अभ्यासातही पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले साधारण एक तृतीयांशच होते. म्हणजे माझ्यासारख्या पुष्कळ जणी, पुष्कळ जण आहेत. पुढे दोन वाटा होत्या, ईसीटी (म्हणजे भूल देऊन मेंदूला द्यायचा विजेचा नियंत्रित झटका) किंवा केटामाइन. दोन्ही नीट समजावून सांगून ते म्हणाले, "घाई नाही. मॅडम, तुम्ही वाचा, घरी बोला, मग सांगा."

मी वाचलं. तेव्हा एक परिच्छेद वाचून संपेपर्यंत पहिली ओळ विसरायला व्हायची, तरी वाचलं. केटामाइन मुळात भुलीचं औषध. १९६२ साली पार्क-डेव्हिस कंपनीसाठी केल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केलं, १९७० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांवर ते खूप वापरलं गेलं, कारण त्याने भूल येते पण श्वास सहसा मंदावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे. नैराश्यावरचा त्याचा परिणाम येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००० साली मोजक्या रुग्णांमध्ये दाखवला. मग २००६ मध्ये कार्लोस झाराते यांनी औषधांना दाद न देणाऱ्या अठरा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला: दुसऱ्या दिवशी ७१ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याहून खाली आली, आणि आठवडाभर हा परिणाम टिकला तो ३५ टक्के लोकांमध्ये. पहिल्या आकड्याने मला आशा दिली. दुसऱ्या आकड्याचा अर्थ मला पुढे स्वतःच्या अंगावर कळला.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करते, कारण लोक सगळं एकत्र करतात. हॉफमनने १९३८ मध्ये बनवलेलं आणि १९४३ मध्ये ज्याचा परिणाम त्याला स्वतःच्या शरीरावर कळला ते एलएसडी, काही अळंब्यांमध्ये असणारं सिलोसायबिन, ही खरी सायकेडेलिक औषधं. मेंदूतल्या पेशी रसायनांमार्फत एकमेकींना निरोप देतात, आणि तो निरोप घेणारी पेशीवरची जागा म्हणजे ग्राही. ही औषधं सेरोटोनिन या रसायनाच्या एका ठरावीक ग्राहीवर बसतात. केटामाइन ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाच्या एनएमडीए नावाच्या ग्राहीला अडवतं. रस्ते वेगळे, पण 'मी' नावाची जी घट्ट गाठ असते ती काही काळ सैल करण्याचं काम दोघं करतात. आपल्या देशात एलएसडी आणि सिलोसायबिन १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली बंद आहेत. केटामाइनसुद्धा २०११ पासून त्या कायद्याच्या कक्षेत आहे आणि २०१३ मध्ये ते शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत गेलं. पण डॉक्टरच्या हातात ते कायदेशीर औषध आहे. दवाखान्यात त्याचं कपाट कुलूपबंद असतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, सिस्टर प्रत्येक वायल वहीत नोंदवतात. ते कुलूप बघून मला धीर आला होता.

तयारी बारकाईने झाली. ईसीजी, रक्तदाब, यकृताच्या तपासण्या, लघवीची तपासणी. मग प्रश्न. घरात कुणाला भास व्हायचे का, आवाज ऐकू यायचे का, संशयाने पछाडलेलं कुणी होतं का? वेडसरपणाचे भ्रम असलेल्या आजारात केटामाइन देत नाहीत, म्हणून हे विचारणं फार महत्त्वाचं. मी दादाला फोन लावला. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "आत्याच्या अंगात यायचं, ते सांगशील का?" कानबाई देवीच्या उत्सवात आमच्या आत्याच्या अंगात यायचं, सगळ्या गल्लीला माहीत होतं. मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. एरवी आत्या कशी होती, घर सांभाळायची का, शेतात जायची का, उत्सव संपून रोट उठल्यावर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी असायची का, असं सगळं विचारून लिहून घेतलं. आणि म्हणाले, हा आजार नाही. आमच्या घरातल्या एका गोष्टीला डॉक्टरने इतक्या आदराने हात लावलेला मी पहिल्यांदा बघितला. त्या माणसावर माझा विश्वास तिथं बसला.

संमतीपत्रावर सही माझी होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे स्वतःच्या उपचारांचा निर्णय माझा. ह्यांनी सही केली ती सोबत आलेला माणूस म्हणून.

सकाळच्या गाडीने आम्ही जळगावला जायचो. पोट रिकामं ठेवायचं असल्याने धरणगावच्या स्टेशनात चहाचा वास आला तरी ह्यांनीसुद्धा माझ्याबरोबर चहा घ्यायचं सोडलं होतं. दवाखान्यातली खोली साधी, पडदे ओढलेले. दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला चिमटा, हातात सुई, आणि शेजारी औषध थेंबाथेंबाने ढकलणारा सिरिंज पंप. मात्रा वजनाच्या हिशोबाने ठरते: दर किलोला अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटांत. पूर्ण भुलीसाठी याच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत लागतं आणि ते एकदम देतात. म्हणजे इथं माणूस झोपत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधतात, कानात बासरीचं हलकं संगीत. आदल्या भेटीत समुपदेशक ताईंनी सांगितलं होतं, "काही बघायचं ठरवून जाऊ नका. जे येईल त्याला अडवू नका. घाबरलात तर हात वर करा, सिस्टर हात धरतील."

आधी ओठ बधिर झाले. मग पंपाची घरघर लांबत गेली, खोलीभर पसरली. हात कुठे आहेत ते शोधावं लागलं. पाठीखालची गादी नाहीशी झाली आणि त्या जागी काळी जमीन आली, पारोळ्याकडची आमच्या आबांची, उन्हाळ्यात भेगाळलेली. मी त्या भेगांच्या आत होते आणि वरूनही बघत होते. भीती नव्हती. वेळ नव्हता. आणि मग ते वाक्य आलं, रोजचंच, माझ्याच आवाजात: मी कुणाच्याच उपयोगाची नाही. ते आलं, आणि मला पहिल्यांदा प्रश्न पडला, हे बोलतंय कोण?

बस एवढंच. प्रकाश दिसला नाही, देव दिसला नाही. एक वाक्य आणि ते ऐकणारी मी, यांच्यात थोडी जागा झाली. हे वाचणाऱ्याला किरकोळ वाटेल. ज्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं असं वाक्य घुमत असेल त्याला नाही वाटणार.

शुद्धीवर येताना मळमळलं, उलटी झाली, रक्तदाब थोडा वर गेला होता तो खाली येईपर्यंत तिथंच ठेवलं. चालताना पाय कुठे पडतोय कळत नव्हतं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सह्या करायच्या नाहीत, कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, ही सक्त सूचना. संध्याकाळी घरी आले आणि स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना म्हणाले, "माले भूक लागनी." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता तव्यावर कळण्याची भाकरी टाकली.

दुसऱ्या वेळी मात्र मी खूप घाबरले. शरीराची जाणीव सुटली आणि मला वाटलं आपण मेलो. मुलांची नावं आठवेनात. हात वर केला की नाही तेही कळेना. सिस्टरनी माझी बोटं धरली आहेत हे पुष्कळ वेळाने जाणवलं. नंतर मी ह्यांना म्हटलं, मी पुन्हा जाणार नाही. डॉक्टरांनी आग्रह केला नाही. पुढच्या वेळी पंपाचा वेग थोडा कमी ठेवू आणि सुरुवातीपासून सिस्टर जवळ बसतील, एवढं सांगून निर्णय माझ्यावर सोडला. मी गेले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा अनुभवांची वर्णनं करताना लोक सुंदर तेवढंच सांगतात. ती भीती मी एकटीने, कुठल्यातरी खोलीत, कुणीतरी आणून दिलेली पुडी घेऊन अनुभवली असती, तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

आणि परिणाम टिकत नव्हता. आठवड्याच्या आत पुन्हा पहाटेची जाग, पुन्हा तेच. झारातेंच्या अभ्यासातला दुसरा आकडा तो हा. तेव्हा समुपदेशक ताईंनी वेळापत्रक बदललं. आपली बैठक इंजेक्शननंतरच्या दोन दिवसांत घ्यायची, त्याच्या पलीकडे नाही. मला यात खूप अर्थ दिसला, कारण नुकतंच मी एक संशोधन वाचलं होतं. जॉन्स हॉपकिन्समध्ये गुल डोलेन यांनी २०२३ मध्ये उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. लहान उंदीर सोबतीने राहायला शिकतात तो काळ एका वयानंतर बंद होतो. केटामाइन आणि सायकेडेलिक औषधं दिल्यावर तो काळ मोठ्या उंदरांत पुन्हा उघडला. केटामाइनने साधारण ४८ तास, सिलोसायबिनने दोन आठवडे, एलएसडीने तीन, इबोगेन या वनस्पतीतून मिळणाऱ्या औषधाने चार. त्याच्याही आधी, २०१० मध्ये, येलच्या रोनाल्ड डुमन यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात केटामाइननंतर दिवसभरातच चेतापेशींवर नवे कोंब, नव्या जोडण्या आलेल्या दाखवल्या होत्या. मी ज्या जोडण्या फळ्यावर खडूने काढते त्याच.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मी मुलांनाही सांगते. पण शेतकऱ्याची मुलगी असल्याने मला ते पटकन उमगलं. पाऊस पडल्या पडल्या आबा पेरायचे नाहीत. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यायची वाट बघायचे, आणि वाफसा आला की दोन-तीन दिवसांत पेरणी उरकायची धावपळ असायची, कारण त्यानंतर काळी पुन्हा घट्ट होते. पाऊस स्वतः काही पेरत नाही. माझ्या बाबतीत औषधाने तेवढंच केलं. त्या दोन दिवसांत जमिनीत काय पडेल हे आम्हाला ठरवायचं होतं.

म्हणून आम्ही ते ठरवलं. त्या दोन दिवसांत मी मोबाइल बाजूला ठेवायची. ताईंकडे बसून ते वाक्य कागदावर लिहायची आणि कुणी, कधी, कशावरून म्हटलं असेल ते तपासायची. सकाळी बोरीच्या काठाने धाकट्या बहिणीबरोबर चालायला जायची. माहेरी माय आहे, तिला रोज फोन. "आते कसं वाटस तुले?" ती विचारायची आणि पूर्वीसारखं "बरं आहे" म्हणून ठेवून न देता मी खरं सांगायची. मायशी मी कधी असं बोलले नव्हते. ती घाबरेल म्हणून बोलले नव्हते. ती घाबरली नाही. तिलाही माझ्या जन्मानंतर असंच काही महिने झालं होतं, हे तिने इतक्या वर्षांनी त्या फोनवर सांगितलं. औषध नसतं तर हे बोलणं झालं नसतं असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवसांत ते बोलणं माझ्या आत शिरलं. एरवी सगळं वरच्यावर वाहून जायचं.

हळूहळू दोन इंजेक्शनांमधला चांगला काळ वाढत गेला. पहाट पुन्हा झोपेची झाली. वर्गात एका मुलाने चुकीची आकृती काढून फार आत्मविश्वासाने समजावली आणि मला मनापासून हसू आलं. वाक्य अजून येतं. आलं की ओळखू येतं.

आता एक शंका, जी मला बरेच दिवस टोचत होती. केटामाइनच्या चाचण्यांमध्ये मोठी अडचण अशी की खरं औषध कुणाला मिळालं हे रुग्णाला लगेच कळतं. गादी नाहीशी होते म्हटल्यावर न कळून कसं चालेल? स्टॅनफर्डच्या बोरिस हाइफेट्स यांच्या गटाने २०२३ मध्ये युक्ती केली. नैराश्य असलेल्या चाळीस जणांना, दुसऱ्या कारणाने शस्त्रक्रिया चालू असताना, पूर्ण भुलीत केटामाइन किंवा साधं सलाइन दिलं. दोन्ही गटांना सारखंच, आणि पुष्कळ बरं वाटलं. हे वाचून मी रात्रभर अस्वस्थ होते. मग माझं बरं होणं आशेचं होतं की औषधाचं? डॉक्टरांना विचारलं. त्यांनी टाळलं नाही. म्हणाले, जागेपणी येणारा अनुभव हाच औषधाचा भाग असेल, किंवा भुलीच्या बाकी औषधांनी परिणाम पुसला असेल, किंवा आशेचा वाटा आपण समजतो त्याहून खूप मोठा असेल. आता मला या तिन्ही शक्यतांची भीती वाटत नाही. आत्याबद्दल विचारून लिहून घेणारा डॉक्टर, हात धरणारी सिस्टर, चहा सोडणारा नवरा, यांच्यासकट ते औषध मला मिळालं. त्यातून एकट्या औषधाचा वाटा वेगळा काढून दाखवणं माझ्या एकटीच्या अनुभवातून शक्य नाही. त्यासाठी संशोधन व्हायला हवं आणि ते आपल्या देशात, आपल्या जिल्हा रुग्णालयांत व्हायला हवं असं मला कळकळीने वाटतं. केटामाइन स्वस्त आहे, जुनं आहे. पैसा लागतो तो खाटेला, देखरेखीला, माणसांना. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून निवडक मानसोपचारतज्ज्ञांना सिलोसायबिन लिहून देण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमए या अशाच मन बदलणाऱ्या औषधाला उपचार म्हणून मान्यता द्यायला नकार दिला, पुरावा अपुरा म्हणून. दोन्ही निर्णयांतून शिकण्यासारखं आहे.

मी उपचार घेतल्याचं लपवलं नाही, त्यामुळे एक जुना विद्यार्थी घरी आला. पुण्यात नोकरीला आहे. "मॅडम, मित्र म्हणतात सहलीला गेल्यावर मशरूम घेऊन बघू, मन मोकळं होतं." त्याला मी समोर बसवून सगळं सांगितलं. रानातली अळंबी ओळखण्यात चूक झाली तर यकृत जातं. कायद्याने गुन्हा आहे. आणि त्याच्या काकांना भास होण्याचा आजार आहे हे मला माहीत होतं. अशा घरातल्या पोराने या वाटेला एकट्याने जाऊ नये. तो म्हणाला, मग गावाकडचा धोतरा? तो तर नैसर्गिक. बांधावरच्या धोतऱ्याबद्दल असला समज मी आधीही ऐकला आहे, म्हणून इथंही लिहिते: धोतरा सायकेडेलिक नाही. त्यातलं अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन अ‍ॅसिटिलकोलीनला अडवतात. घसा कोरडा पडतो, ताप चढतो, माणूस बरळतो, कुणाला ओळखत नाही, आणि जीव जाऊ शकतो. त्यातून मन मोकळं होत नाही. शेवटी मी त्याला विचारलं, तुला मन मोकळं का करायचं आहे? तो बराच वेळ बोलला. जाताना त्याच्या मोबाइलमध्ये मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाकून दिला. रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

सध्या इंजेक्शनं खूप लांबच्या अंतराने आहेत. रोजची गोळी चालू आहे, ताईंकडे जाणं चालू आहे. केटामाइनचा वारंवार वापर मूत्राशयाला इजा करू शकतो, म्हणून दर वेळी लघवीची तपासणी होते आणि जळजळ होते का हे विचारलं जातं. यानंतर इंजेक्शन थांबवून बघू, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. मी हो म्हटलं आहे. पुन्हा घसरण झाली तर ईसीटीची वाट अजून बाकी आहे. त्या खोलीत मी परवाच जाऊन आले, तिथल्या सिस्टरशी बोलले, यंत्र बघून घेतलं. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले.